हवापालटाचा संशय

आमच्या हुबळीच्या गल्लीत घर सोडून बाहेरगावी जायला कारण लागायचं. लग्न, मयत, कोर्टाची तारीख, नाहीतर जत्रा. छप्पन साली अप्पांनी बुद्धाचा धम्म स्वीकारला आणि आमच्या घरातली जत्रा बंद झाली, म्हणजे एक कारण कमीच झालं. अशा घरात मी पहिला पदवीधर निपजलो. अप्पा दुर्गदबैलाच्या बाजारात कापडाचे गठ्ठे वाहायचे. त्या पाठीवर मी बी.ए. झालो आणि हुबळीतल्याच लॅमिंग्टन रोडवरच्या एका शाळेत मास्तर झालो. या उपकाराची मला जाणीव होती. म्हणूनच शिकलेल्या माणसाने करायच्या सगळ्या गोष्टी आपण मन लावून केल्या पाहिजेत, असं मला प्रामाणिकपणे वाटे. त्यातली एक म्हणजे सुट्टीत थंड हवेच्या ठिकाणी जाणं.

बेळगावच्या पुढे घाटमाथ्यावर तसं एक गाव होतं. त्याच्या माहितीपत्रकात ‘बाराही महिने मैदानी करमणूक’ असं छापलं होतं.

“काय झालंय तुला?” अप्पांनी विचारलं.

“काही नाही, अप्पा. विश्रांतीला जातोय.”

“गठ्ठे मी उचलतो, आणि विश्रांती तुला?”

गल्लीने तर प्रश्न विचारण्यातही वेळ घालवला नाही. आमच्यातला एकच माणूस आजवर डोंगरावर गेला होता, रेल्वेतला एक फिटर. त्याला डॉक्टरांनी छातीसाठी धाडलं होतं आणि तो परत आला नव्हता. तेव्हा मास्तरांना टीबी झाला हे संध्याकाळपर्यंत ठरून गेलं. शेजारच्या अक्काने अंडी आणली आणि उंबऱ्याबाहेरूनच विचारलं, “रक्त पडतं का रे खोकल्यातून?” पुढच्या घरी चहा मिळाला तो कान तुटलेल्या वेगळ्या कपात. वेगळा कप आमच्या घराण्याला नवीन नव्हता. आता तो आपल्याच माणसांच्या हातून मिळाला, एवढीच काय ती प्रगती.

मी हे हसण्यावारी नेलंही असतं. पण तेव्हा माझ्या धाकट्या बहिणीचं धारवाडला जमत आलं होतं. मुलगा कचेरीत कारकून. लग्नानंतर तिला कॉलेजात जाऊ देऊ, असं त्या घराने कबूल केलं होतं, आणि तसं कबूल करणारं दुसरं घर आम्हाला मिळालं नव्हतं. मुलाच्या मामांचा निरोप आला, “मास्तरांच्या तब्येतीचं कळलं. जरा थांबू या.”

जाणं रद्द करावं, तर प्रवासही झेपत नाही असा बोभाटा झाला असता. म्हणून मी गेलो.

करमणूक खरोखरच मैदानी होती. होडी होती, ती काठावर पालथी घालून वर धुणं वाळत टाकलं होतं. घोडा होता, तो साहेबाच्या राज्यातला असावा आणि त्याला पुढे जायची इच्छा उरली नव्हती. बॅडमिंटनचं मैदान दरीच्या कडेला आखलं होतं. फूल एकदा पलीकडे गेलं की त्या दिवसाचा खेळ संपला. असा मी आनंद लुटत असताना एस.टी.तून एक गृहस्थ उतरले. मुलाचे मामा.

“सहज आलो होतो,” ते म्हणाले. धारवाडहून गाड्या बदलत, घाट चढून माणूस सहजच येतो.

“चला मास्तर, वरच्या टोकाला जाऊ. सूर्यास्त बघू. बोलत बोलत चढू या.”

बोलत बोलत म्हटल्यावर मी काय ते ओळखलं. सबंध चढणीवर मी शाळा, शिवकाल आणि पंचवार्षिक योजना यांवर अखंड बोललो. मामा माझ्या छातीवर नजर ठेवून चढत होते आणि प्रत्येक वळणावर थांबून स्वतः धापा टाकत मलाच विचारत होते, “दम लागला का?”

वर धुकं होतं. सूर्य कुठेतरी मावळत असावा. आणि त्या आरोग्यदायी हवेने मला जी सर्दी झाली होती, ती नेमकी तिथे घशात उतरली. मी श्वास कोंडला. डोळ्यांत पाणी आलं.

“काय सुंदर आहे, नाही?” मामा म्हणाले.

उत्तरादाखल मी खोकलो. बराच वेळ खोकलो.

मामा दोन पावलं मागे सरले. “रुमाल दाखवा बघू.”

मी परतलो, आणि पाठोपाठ मामाही आमच्या घरी हजर झाले. “मास्तरांच्या छातीचा फोटो काढून दाखवा,” ते अप्पांना म्हणाले, “मग बघू.” अप्पा मान डोलावणार तोच बहीण आतून बाहेर आली.

“अण्णाचा फोटो आम्ही देतो की, मामा. मुलाचा पण आणा.”

“मुलाचा कशाला? तो ठणठणीत आहे!”

“आमचा पण ठणठणीतच होता, डोंगरावर जाईपर्यंत.”

“गप गं!” अप्पा ओरडले. पण मामा चपला शोधायला लागले होते. मुलीची जीभ तिखट आहे, एवढं बोलून ते गेले. त्या दिवशी घरात स्वयंपाक झाला, जेवलं मात्र कुणी नाही. माझा फोटो निघाला, अगदी स्वच्छ. पण तो आता दाखवायचा कुणाला?

रविवारी दारात एक तरुण उभा राहिला. हातात मोठं तपकिरी पाकीट. मामांना न सांगताच आला होता. त्याने अप्पांना नमस्कार केला आणि पाकीट बहिणीपुढे धरलं.

“बघून घ्या.”

“कॉलेजचं ठरलंय ते तसंच ना?”

“तसंच.”

तिने फिल्म काढून खिडकीच्या उजेडात धरली. त्यातलं तिला काही कळत नव्हतं; पदवीधर असून मलाही नाही. तरी ती सावकाश, वरपासून खालपर्यंत बघत राहिली, आणि तो बिचारा घाम पुसत उभा होता. नवऱ्याचं तोंड धड बघण्याआधी तिने त्याच्या बरगड्या पाहिल्या, आणि पसंत आहेत म्हणून सांगितलं.