आठ गोळ्यांच्या विमलकाकू

विमलकाकूंचं देवघर म्हणजे पँट्रीतला मधला कप्पा. वर डाळीतांदळाचे डबे, खाली कांदे-बटाटे आणि मध्ये बाळकृष्ण. खंडेनवमीला त्या कप्प्यापुढे पाट मांडून काकू त्यावर आपली आयुधं ठेवत. हॉस्पिटलच्या फार्मसीतल्या नोकरीत औषधाच्या गोळ्या मोजायची पट्टी, गाडीची किल्ली, नवऱ्याची, शरदकाकांची, आकडेमोडीची जुनी स्लाइड रूल आणि गोळ्यांचं मॅगझिन काढून, रिकामं करून ठेवलेलं पोलादी पिस्तूल. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा दोन पावलं मागे सरले. काकू म्हणाल्या, "घाबरू नकोस, तेही उपाशीच आहे. नैवेद्य व्हायचाय अजून."

आमची ओळख झाली ती शुगर लँडच्या मराठी मंडळात, दोन हजार पाचच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. शरदकाका आदल्या उन्हाळ्यात हार्ट अटॅकने गेले होते. यजमानीणबाई कोयरी घेऊन एकेकीला कुंकू लावत आल्या आणि काकूंना ओलांडून थेट माझ्यापाशी पोचल्या.

"माझं राहिलं," काकू म्हणाल्या.

"अहो, पण तुम्हाला आता…"

"हा नियम कोणी केला? मला विचारलं होतं?" असं म्हणून काकूंनी त्यांच्या हातातली कोयरी घेतली, स्वतःच्या कपाळाला ठसठशीत कुंकू लावलं आणि कोयरी परत दिली. मला हसू फुटलं. काकू माझ्याकडे वळल्या. "तुझं घर कुठे गं?" निघालं त्यांच्यापासून तिसरं.

पुढे कित्येक दिवस मंडळात कुजबुज चालली की दुःखाने बिचारीच्या डोक्यावर परिणाम झालाय. बिचारी म्हणे. विमलकाकूंना बिचारी म्हणणाऱ्या बाईने त्यांच्याशी एकदा पत्ते खेळून पाहायला हवं होतं.

सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं की एकट्या बाईने घर विकावं आणि मुलीकडे, रेवाकडे, शिकागोला जावं. काकूंनी घर ठेवलं आणि शनिवार-रविवारची सोय शोधली. फार्मसीतल्या डोनाबरोबर त्या एका शूटिंग क्लबात जाऊ लागल्या. तिथे उभं राहून निवांत नेम धरायचा नसतो. प्लायवूडच्या भिंतींमधून पळत पळत कागदी आणि लोखंडी निशाणं टिपायची असतात, आणि घड्याळ चालू असतं.

"एकटं राहायची भीती वाटते म्हणून का, काकू?" मी विचारलं.

"छे गं. भीतीसाठी लोक कुत्रा पाळतात. मला हरायला-जिंकायला काहीतरी हवंय."

पिस्तूल घ्यायला मी बरोबर गेले होते. दुकानदाराने काकूंची उंची पाहिली, साडी पाहिली आणि गुलाबी मुठीचं एक चिमुकलं रिव्हॉल्व्हर पुढे केलं. काकू म्हणाल्या, "व्हेरी नाइस. नाऊ शो मी समथिंग फॉर ग्रोन-अप्स." मग त्याने सतरा गोळ्यांचं एक जाडजूड पिस्तूल काढलं. काकूंची बोटं त्याच्याभोवती पोचेनात. शेवटी आलं ते जुन्या घडणीचं, पोलादी, चांगलं वजनदार. गोळ्या एकाच ओळीत, एकीवर एक बसतात, म्हणून मूठ सडपातळ. गोळ्या मात्र फक्त आठ. काकूंनी ते हातात धरलं आणि दुकानदाराला म्हणाल्या, "धिस वन नोज माय हँड."

आता प्रश्न होता खेळायचं कुठल्या वर्गात. ओपन वर्गात पिस्तुलावर लाल ठिपका दाखवणारी काच, धक्का कमी करणारा नळीचा जोड, वीस-पंचवीस गोळ्यांचं मॅगझिन, सगळं चालायचं. पारंपरिक वर्गात कारखान्यातून निघालं तसंच पिस्तूल हवं. मुठीवरच्या पट्ट्या तेवढ्या बदलायच्या. नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी काळी, तिला रंग नाही. काकूंची अठ्ठावन्न वर्षं उलटलेली, जवळचं धूसर दिसायला लागलेलं. जो तो म्हणाला, ओपनमध्ये जा. रेवाने तर वाढदिवसाला ठिपक्याचं पिस्तूल देऊ केलं.

"नको. त्या वर्गाचे नियम मी घरी आणून वाचले," काकू मला म्हणाल्या. "पटले. मग सही केली. मंजू, आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला आधी नियम दाखवले आणि मग विचारलं, मान्य आहेत का? आता मी ते सोडू होय?" आणि खरंच, त्या नियमांच्या बाबतीत काकू भयंकर कडक होत्या. रिक नावाच्या एका माणसाने पिस्तुलाच्या आतलं काहीबाही बदलून आणलं, तर काकूंनी तक्रार करून त्याला ओपनमध्ये धाडलं. तेव्हापासून तो त्यांच्याकडे डोळे बारीक करून पाहायचा.

दोन हजार सातची वर्षअखेरची स्पर्धा दसऱ्यानंतरच्या रविवारी आली. त्या वर्षी काकू आपल्या वर्गात पहिल्या येतील अशी चिन्हं होती. तपासणीच्या टेबलामागे वॉल्टर नावाचा थोराड, भला म्हातारा बसला होता. त्याने पिस्तूल उलटसुलट पाहिलं आणि माशीवर बोट ठेवलं. "विमल, व्हॉट्स धिस?"

खंडेनवमीचं कुंकू. तेलात कालवून लावलेलं, ते माशीवर पक्कं वाळलं होतं. काळ्या माशीवर लाल रंग, म्हणजे पिस्तूल ओपनमध्ये. रिक लगेच जवळ येऊन उभा राहिला.

वॉल्टर हळूच म्हणाला, "इट्स रिलिजस, राइट? आय कॅन लेट इट गो."

"नो," काकू म्हणाल्या. "नो डिस्काउंट फॉर गॉड."

त्याने नाइलाजाने तेलाची बाटली आणि एक फडकं पुढे सरकवलं. एवढं सगळं सोसून ही बाई ताठ उभी राहिली, आणि शेवटी तिच्या हातात कुंकू पुसायला फडकं द्यावं कोणी? मी मराठीत म्हणाले, "काकू, पुसू नका. चला, घरी जाऊ."

काकूंनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "वेडी आहेस का? पिस्तुलाला कुठे नवरा असतो? आणि हा नियम मला विचारून झालाय."

त्यांनी माशी काळीकुळकुळीत होईपर्यंत पुसली. मग माझ्याकडून पर्स घेतली, कुंकवाची डबी काढली आणि घामाने फिसकटलेलं कपाळावरचं कुंकू नव्याने लावलं, नेहमीपेक्षा मोठं. रिक पाहतच होता. "धिस वन," काकू त्याला म्हणाल्या, "इज लीगल."

त्या दिवशी त्यांची एक लोखंडी प्लेट पडायची राहिली आणि एक निवृत्त पोस्टमन पहिला आला. काकू दुसऱ्या. परतताना फ्रीवेवर काकू म्हणाल्या, "माशी लाल असती तर ती प्लेट पडली असती."

"मग?" मी विचारलं.

"मग काय? पुढच्या वर्षी पाडू."

पुढच्या वर्षी स्पर्धेआधीच स्वादुपिंडाच्या कॅन्सरने त्यांना गाठलं. केमोथेरपीला त्या साफ नाही म्हणाल्या. पिस्तूल त्यांनी रीतसर डोनाच्या हवाली केलं आणि ऑगस्टच्या उकाड्यात गेल्या. मला अजूनही त्यांचा राग येतो, इतक्या लवकर गेल्या म्हणून.

फ्युनरल होमच्या लोकांनी चेहरा छान केला होता, लिपस्टिकसुद्धा लावली होती. कपाळ तेवढं मोकळं. मी पर्समधून डबी काढली. मंडळातल्या एक वयस्क काकू माझा हात धरून म्हणाल्या, "राहू दे गं. विधवेला नाही लावत. रीत नाही ती."

मी काही बोलणार तेवढ्यात रेवा पुढे आली. मराठी तिला समजतं, बोलता येत नाही. तिने त्या काकूंकडे शांतपणे पाहिलं आणि विचारलं, "हू मेड दॅट रूल, काकू? डिड एनीवन आस्क हर?"

मी डबी उघडून धरली. रेवाने त्यात बोट बुडवून आईच्या कपाळाला टेकवलं. कुंकू जरा वाकडं लागलं, पण मोठं लागलं. ते सरळ करायला म्हणून पुसायचं कोणाच्याही मनात आलं नाही.