माळ्यावरचं लाटणं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, देवापुढेसुद्धा नाही. देवापुढे हात जोडले की भलतंच काहीतरी मागून मोकळी होते. मग तुम्हाला का सांगतेय? ठाऊक नाही. गप्प बसवत नाही, एवढंच.

शुक्रवार पेठेत आमच्या गल्लीत मी गुणाची सून. संधिवातानं सासूबाईंची बोटं वाकली आहेत. त्यांना मी भरवते, वेणी घालते, ब्लाउजचे हुक लावते. शेजारच्या शबानाभाभी आल्यागेल्याला सांगतात, "बहू नै, बेटी है बेटी." मी हसते. आणि मग पुसलेलाच ओटा पुन्हा पुसत सुटते.

एके काळी सासूबाईंच्या ज्वारीच्या भाकरीला गल्लीत तोड नव्हती. मी नवी नवरी असताना पाहुण्यांसमोर माझी भाकरी उचलून म्हणाल्या होत्या, "ही म्हशीला तरी चालंल का?" सगळे हसले. मीही हसले — काय करणार? पुढे कितीतरी वर्षं त्या स्वयंपाकघरात मी नुसते कांदे चिरले. मग त्यांची बोटं आखडली आणि परात माझ्याकडे आली. वाईट वाटलं का? वाटलं. पण थोडं — अगदी थोडं — बरंही वाटलं.

दवाखान्यात एक थेरपीच्या बाई होत्या. औषध डॉक्टरांचं; रोजची कामं पुन्हा आपली आपण कशी करायची, ते या बाई शिकवायच्या. थापणं बंद, म्हणाल्या. उकड काढा, खुर्चीत बसा आणि लाटा. लाटण्याच्या मुठींवर त्यांनी जाड फोम गुंडाळून दिला, म्हणजे बोटं फार न मिटता धरता येईल. सासूबाई रुसल्या. लाटलेली भाकरी ही काय भाकरी? पण एका सकाळी बसल्याच लाटायला. जाड झाली, एका बाजूला कलली. तव्यावर टाकायला मला हाक मारली. ती फुगली. त्यांचा चेहरा — तो मी पाहिला. नीट पाहिला.

आणि मला काय वाटलं, सांगू? परात चालली परत.

दुसऱ्या दिवशी त्या देवळात गेल्या, तेव्हा मी ते लाटणं माळ्यावर फराळाच्या डब्यांमागे सारलं. "लाटणं कुटं गेलं की गं?" म्हणत त्यांनी घर धुंडाळलं. मीही धुंडाळलं — त्यांच्यासोबत, पलंगाखाली वाकून! वर म्हणाले, राहू द्या, मी आहे ना. मग 'मी आहे ना' हे कपाला, कंगव्याला, हुकांना, सगळ्यालाच म्हणू लागले. थेरपीच्या बाईंनी विचारलं, तर सांगितलं की त्यांनाच नको वाटतं. सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी हात पदराखाली घेतले. त्यांना कळलं होतं का? आजवर विचारायची छाती झाली नाही.

आजार वाढायचा तो वाढलाच असता, असं मनाला समजावून बघते. पण हातातला कप काही आजारानं काढून घेतला नाही. तो मी घेतला.

दर दिवाळीला डबे काढताना लाटणं हाताला लागतं. फोमचा भुगा व्हायला लागलाय. मी ते पुन्हा मागे सारते.

काल दुधात भाकरी कुस्करून भरवत होते. त्या म्हणाल्या, "लई करतीस गं माझं."

मी पुढचा घास उचलला. त्यांनी तोंड उघडलं.