मुलीच्या ताब्याचा कागद

खटला जिंकलेल्या बाईनं निकालाची नक्कल स्वतः मागून घ्यायची असते, हे तिला कोणी सांगत नाही. वकील सांगत नाही, कोर्ट सांगत नाही, आणि आम्हीही सांगत नव्हतो. नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. पुण्याहून नोकरीसाठी बंगळूरला येऊन मला वर्ष झालं होतं, आणि शनिवार-रविवार तिथल्याच शिवाजीनगरातल्या एका गॅरेजच्या वरच्या खोलीत आमचा बायकांचा गट पत्रकं काढायचा. उठा, बोला, सहन करू नका. उठून कुठल्या खिडकीशी जायचं, एवढंच त्यात नसायचं. त्या महिन्यातलं आमचं सगळ्यात गाजलेलं पत्रक मी लिहिलं होतं: लग्नात मुलीचं नाव बदलणं म्हणजे तिच्यावर मालकीचा डाग देणं. लिहिताना माझे कान तापले होते. अजूनही मला ते पटतं. पण त्या पत्रकानं काय केलं ते सांगायला हवं.

चामराजपेटेत ब्लाउज शिवणारी एक बाई खोलीवर यायची. तिचं घर तीन पिढ्या बंगळूरचं, त्यामुळे मराठीत निम्मं कन्नड. मला ती तंगी म्हणायची, म्हणजे धाकटी बहीण. मी तिला अक्का म्हणायचे. मार्चमधल्या एका शनिवारी ती आली ती पिशवी खाली न ठेवताच बोलायला लागली. सहा वर्षांपूर्वी वेगळा झालेला नवरा मुलीच्या शाळेच्या फाटकाशी दोनदा येऊन गेला होता. मुलगी चौथीत. "शेवटचा पेपर झाला की हिला हुबळीला घेऊन जाणार," असं त्यानं शिपायाला ऐकवलं होतं. अक्का धावत मुख्याध्यापिकेकडे गेली.

"मॅडम, कोर्टानं मुलगी मलाच दिलीय."

"मग कागद आणा. बाप समोर उभा राहिला तर मी कशाच्या जोरावर नाही म्हणू?"

कागद नव्हता. वकील गाव सोडून गेले होते. "जज्जसाहेब बोलले, मी मुलीला घेऊन घरी आले," अक्का म्हणाली. "आणखी काय घ्यायचं असतं?"

शेवटच्या पेपरला तीन आठवडे होते. मी छाती पुढे काढून म्हटलं, "मी आणते."

सोमवारी रजा टाकून, गटाच्या शिक्क्याचा अर्ज घेऊन मी एकटीच कौटुंबिक न्यायालयाच्या खिडकीशी उभी राहिले. आतल्या बाईंनी अर्ज वाचला. "तुम्ही या खटल्यातल्या पक्षकार?"

"नाही. मी त्यांच्या वतीनं."

"वकील?"

"नाही."

"मग नाही मिळणार. घरातल्या भांडणाचे कागद आहेत हे, वर्तमानपत्र नव्हे."

मी भाषण दिलं. नागरिकांचा हक्क, बायकांची अडवणूक, सगळं. निम्मं हिंदीत, निम्मं इंग्रजीत. मागे रांगेतल्या एका आजोबांनी शांतपणे विचारलं, "आयता अम्मा?" म्हणजे, झालं का. रांग हसली. राजाजीनगरला घरी परतताना बसमध्ये मी त्या खिडकीविरुद्ध मनात एक अख्खं पत्रक लिहून काढलं. ते छापलं नाही, बरं झालं. मला दिला असता तर तो कागद उद्या अक्काच्या नवऱ्याच्या मावसभावालाही दिला असता, हे त्या रागात सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अक्काला घेऊन गेले. तिचा स्वतःचा अर्ज, वर कोर्ट फीचा स्टॅम्प, कारण: शाळेत दाखवण्यासाठी. तो बिनबोभाट घेतला आणि आम्हाला दप्तरखान्यात पाठवलं. तिथले कारकून निपाणीकडचे, मराठी सहज बोलणारे, चष्म्याला दोरी बांधलेले.

"खटल्याचा नंबर?"

"माहीत नाही."

"साल?"

निकालाच्या वेळी मुलगी केवढी होती, त्यावरून अक्कानं साल काढलं. मी लगेच आडनाव सांगितलं, तर ते हसले. "पुण्याच्या काय तुम्ही? आडनाव पुढं करता म्हणून कळलं. इथं आडनावानं काही लागत नाही. अर्ज केलेल्या बाईचं नाव सांगा, सूची त्याचीच."

नाव सांगितलं. त्यांनी जाडजूड रजिस्टर उघडलं, बोट वरून खाली नेलं. नाही. मागचं साल, पुढचं साल. नाही. "नाळे बन्नी," म्हणजे उद्या या. उद्या आलो, परवा आलो. अक्काची शिवणाची गिऱ्हाइकं तटलेली, माझी रजा संपत आलेली, आणि रजिस्टरात ती नव्हतीच. चौथ्या दिवशी माझा बांध फुटला. "फाईल कोणीतरी गायब केलीय. नवऱ्यानंच. तुमच्यातलं कोणीतरी सामील आहे."

त्यांनी चष्मा काढला. "बाई, माझ्या दप्तरातून उंदरानंसुद्धा कागद नेलेला नाही."

मग माझ्याकडे पाठ करून ते अक्काशी बोलले. "अक्का, आमच्याकडं लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यात सुनेचं नवं नाव काढतात. तुमचं काढलं होतं काय?"

अक्का बराच वेळ बाकाच्या कडेवर नखानं ओरखडे काढत राहिली. मग "काढलं होतं," म्हणाली.

"तेच सांगा."

तिनं सांगितलं नाही. त्यांच्याकडची पेन्सिल घेतली आणि गिऱ्हाइकाचं माप लिहायच्या चिठ्ठीमागे लिहून दिलं. वकिलानं लग्नाच्या दाखल्यावरून नाव उतरवलं असणार. रजिस्टरात ती ओळ पाच मिनिटांत सापडली. त्यांनी आधीच कितीदा उलटलेल्या त्याच रजिस्टरात.

बाहेर आल्याबरोबर मी तिच्यावरच घसरले. "चार दिवस! अक्का, तुम्हाला माहीत होतं?"

"दुसऱ्या दिवसापासून मनात येत होतं, तंगी."

"मग बोलला का नाहीत?"

"तुझ्यासमोर कशी बोलू? तूच वाचून दाखवलंस ना, ते नाव लावणारी बाई गुलाम म्हणून. मी पाच वर्षं लावलं. त्याच नावानं सह्या केल्या, त्याच नावानं मुलगी मागितली. तू काय म्हणशील असं झालं मला."

इतक्या जोरात मला कोणी मारलं नव्हतं, आणि ती तर फक्त सांगत होती. मी माफी मागितली. वाईट तऱ्हेनं मागितली, कारण परत आत जाताच पुढचा वाद उकरून काढला. पहिला अर्ज माहेरच्या नावाचा होता; आता नकलेच्या अर्जावर सही रेकॉर्डमधल्या नावानं हवी होती. मी म्हटलं, करायची नाही. आपण न्यायाधीशांकडे नाव दुरुस्तीचा अर्ज देऊ.

"द्या की," कारकून म्हणाले. "तारीख जूनमध्ये मिळेल. पेपर कधी संपतायत?"

अक्कानं अर्ज स्वतःकडे ओढला. "तंगी, स्वल्प गप्प बस. नाव त्यांचं असू दे. मुलगी माझी आहे." आणि दोन्ही नावं, मध्ये उर्फ घालून, कन्नडमध्ये ठसठशीत लिहिली. निकालावर तिच्या वडिलांचं नाव होतंच, त्यामुळे ही तीच बाई हे पटवायला अडचण आली नाही. तातडीचा अर्ज म्हणून आठवड्यानं बोलावलं.

नक्कल टाईप झाल्यावर ती मूळ कागदाशी ताडून पाहतात. एकजण मोठ्यानं वाचतो, दुसरा बोट फिरवतो. आम्ही दारातच होतो. तो माणूस बसच्या थांब्यांची नावं वाचावीत तसा सपाट आवाजात तो इंग्रजी हुकूम वाचत होता, आणि मी अक्काच्या कानात मराठी करून सांगत होते. मुलीचा ताबा आईकडे. आईच्या लेखी संमतीशिवाय तिला शहराबाहेर नेऊ नये. अक्कानं माझं मनगट घट्ट धरलं. मग पुढचं वाक्य आलं. वडिलांना दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, आईच्या घरी, दोन तास मुलीला भेटता येईल. हे अक्काला आठवत नव्हतं, किंवा त्या वेळी कोणी तिला समजेल असं सांगितलंच नव्हतं. तो सहा वर्षांत एकदाही घरी आला नव्हता, म्हणजे त्यानंही वाचलं नसावं.

"ही ओळ शाळेत दाखवायची गरज नाही," मी म्हटलं. "पहिलं पान पुरेसं आहे."

शाळेत अक्कानं नकलेची सगळी पानं मुख्याध्यापिकेच्या टेबलावर ठेवली. त्यांनी शेवटपर्यंत वाचली, फाईलला लावली, शिपायाला आत बोलावून सांगितलं. "सरी," म्हणजे बरं, शिपाई म्हणाला, आणि अक्का तिथंच खुर्चीवर बसून रडली.

शेवटच्या पेपरला अक्काचा नवरा आला. मी फाटकाबाहेर मुठी आवळून उभी होते. माझी काहीच गरज पडली नाही. मुख्याध्यापिकेनं त्याला ऑफिसात नेऊन कागद वाचायला दिला. तो बाहेर आला तेव्हा मला वाटलं होतं त्यापेक्षा लहानखुरा दिसला. अक्का मुलीचा हात धरून उभी होती. तिनंच त्याला हाक मारली.

"दुसऱ्या रविवारी ये. चार वाजता. माझ्या घरी."

वाटेत मी भडकलेच. "त्याला कशाला बोलावलंत? तो मुलीला पळवून न्यायला निघाला होता!"

"कागद आणला ना आपण?" अक्का म्हणाली. "मग सगळा आणला. माझ्यापुरता फाडून नाही आणला."

त्या रविवारी मी पहाऱ्याला म्हणून गेले. तो चारला दहा मिनिटं असताना आला आणि चपला काढून दारातच अवघडून उभा राहिला. मुलीनं त्याला आत बसवलं आणि चौथीचं प्रगतिपुस्तक दाखवलं. गणितात कमी का पडले हे त्याला समजावून सांगितलं, बाईंचीच चूक कशी ते. अक्का शिवणयंत्रावर बसून होती, पाय पायडलवर, यंत्र बंद. सहा वाजता तो उठला. मुलगी फाटकापर्यंत गेली आणि पळत परत आली. "अम्मा, पुढच्या महिन्यात येतो म्हणाला. मी सांगितलं, दुसरा रविवार, विसरू नको."