एक्कावन्न टक्क्यांची खुर्ची

“ही खुर्ची फिरते ना?” सावंतसाहेबांनी विचारलं. फर्निचरवाल्या पठाणानं ती गरागरा फिरवून दाखवली. साहेब खूश झाले. आमच्या शारजाच्या ऑफिसात एवढी महागडी खुर्ची त्यांनी स्वतःसाठीही कधी घेतली नव्हती. ही मालकासाठी होती. मालक आम्ही अमेरिकेतून आणत होतो.

मी त्या कंपनीत टेंडरं भरायचे. टेंडर म्हणजे, अमुक काम तमुक दरात करतो असं लिहून द्यायचं. आमचं काम एसी मेन्टेनन्सचं. एक मोठं गिऱ्हाईक सुटलं आणि तिथल्या पूर्व किनाऱ्यावरच्या खोर फक्कान बंदरातल्या आमच्या वर्कशॉपला कुलूप लागायची वेळ आली. तिथली बहुतेक माणसं रत्नागिरी-सिंधुदुर्गातली. कुलूप म्हणजे त्यांचा व्हिसा कॅन्सल, आणि गावी अर्धं बांधलेलं घर आयुष्यभर अर्धंच.

त्याच सुमारास, दोन हजार चार साल असावं, त्याच किनाऱ्यावरच्या अमेरिकन सरकारच्या गोदामांचं टेंडर निघालं. अट अशी की लष्करी नोकरीत अपंगत्व आलेल्या माजी सैनिकाच्या छोट्या कंपनीनंच अर्ज करायचा. त्याचा हिस्सा किमान एक्कावन्न टक्के हवा, आणि कारभारही त्यानंच बघायचा.

साहेबांनी एक्कावन्नपर्यंत ऐकलं. पुढचं त्यांच्या कानात शिरलंच नाही.

“मॅडम, हे तर आपलंच की!”

तेव्हा शारजात धंदा करायचा तर एक्कावन्न टक्क्यांचा मालक स्थानिक अरब लागायचा. त्याला आम्ही अरबाब म्हणायचो. आमचे अरबाब वर्षाची फी घ्यायचे, सही करायचे, खलास. मी त्यांना एकदाही पाहिलं नव्हतं. साहेबांना वाटलं, अमेरिकेनंही हीच सोय काढलीय.

“साहेब, कारभार त्यानं स्वतः बघायचाय,” मी म्हटलं.

“कागदावर हो. इतकी वर्षं गल्फमध्ये काढून तुम्ही अजून कागद खरा मानता?”

मग अमेरिकेत डग नावाच्या माणसाबरोबर कंपनी निघाली. एक्कावन्न टक्के त्याचे, एकोणपन्नास साहेबांचे, राबणारी माणसं आमची. डग सैन्यात कूलिंग प्लँटचा मेकॅनिक होता. सुरुंगाच्या स्फोटात त्याचा डावा पाय गुडघ्याखाली गेला होता, तिथे आता नकली पाय होता. शारजात उतरला तोच टूलबॉक्स घेऊन.

“साईट कधी बघायची?” त्यानं विचारलं.

“रिलॅक्स, सर. कॉफी घ्या. साईट उद्या, इन्शाल्ला.”

असल्या उद्याचा अर्थ आम्हाला ठाऊक होता, त्या बिचाऱ्याला नव्हता. तो रोज सकाळी टूलबॉक्स पायाशी ठेवून त्या खुर्चीत बसायचा. मला त्याच्याकडे बघवायचं नाही.

मग टेंडरच्या अमेरिकन ऑफिसर बाई वर्कशॉप बघायला येणार असं कळलं. साहेबांनी डगला नवा सूट शिवला आणि काय बोलायचं ते पढवलं. आमच्या माणसांना पढवायचं मात्र राहून गेलं. त्यांना पूर्वीच एक धडा घोटून दिलेला होता: कुणाही साहेबलोकांनी येऊन मालक कोण विचारलं, तर अरबाबांचं नाव पुढे करायचं.

बाईंनी फोरमन राणेलाच विचारलं, “तुमचा मालक कोण?”

“अरबाब मालिक है, मॅडम. अभी बाहर गया है.”

बाईंनी डगकडे बोट दाखवलं. “मग हे कोण?”

“ये गेस्ट है. ऑफिस में बैठके कॉफी पीता है.”

बाईंना हिंदी येत नव्हती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. साहेब माझ्याकडे डोळे वटारून बघत होते. खरं सांगितलं तर रोजी राणेचीच जाणार होती. पण डगही बघत होता. मी शब्दाला शब्द भाषांतर केलं.

डग म्हणाला, “हा माणूस खरं बोलतोय.”

अर्ज बाद. बाईंची गाडी वळते न वळते तोच साहेब राणेवर धावून गेले. डग मध्ये उभा राहिला.

“माझा पाय गेलाय, सावंत. हात शाबूत आहेत. तू मला फुलदाणीसारखा मांडून ठेवलास. पुढचा अर्ज मी करणार आणि वर्कशॉप मी चालवणार. नाही म्हणालास तर एक्कावन्न टक्के घेऊन चाललो.”

साहेब काय करणार? आपल्याच हातानं दिलेले एक्कावन्न टक्के.

डग खोर फक्कानला राहायला गेला. पुढचं टेंडर निघेपर्यंत त्यानं बंदरातल्या कोल्ड स्टोरेजची किरकोळ कामं आणून वर्कशॉप चालू ठेवलं. एसीची कॉइल नीट धुतली नाही म्हणून राणेला रोज शिव्या खाव्या लागायच्या, पण व्हिसा कुणाचा गेला नाही. दुसऱ्या वेळी त्याच बाई आल्या, तेव्हा मालक शिडीवर होता आणि खाली यायला तयार नव्हता. काम आम्हाला मिळालं.

त्यानंतर साहेब एकदा वर्कशॉपवर सूचना द्यायला गेले. डगनं ती खुर्ची तिकडे मागवून घेतली होती. ती त्यानं स्वतः पुसली आणि पुढे सरकवली.

“रिलॅक्स, सर. कॉफी?”

साहेब बसले.

हाताखालच्या नव्या मुलींना मी एवढंच सांगायचे: टेंडरमधली अट पूर्णविरामापर्यंत वाचायची.