कमूनाचं न आटणारं रडं

जेर्बा बेटावरच्या यहुदी मोहल्ल्यात रडावं तर कमूनानंच. आव महिन्याच्या नवमीला, यरुशलेमचं मंदिर जळालं त्या दिवशी, बायका उपाशीपोटी अनवाणी जमिनीवर बसत. कमूना विलाप म्हणायला लागली की साऱ्यांच्या डोळ्यांना धारा लागत. मंदिर जळून दोन हजार वर्षं होत आली, पण ही रडे ती जणू तिच्याच चुलीची ठिणगी काल उडाली होती.

खरं काय ते कुणाला ठाऊक नव्हतं? ती रडे फ्राजीसाठी. एकुलता एक पोरगा, चांदीचे दागिने विकायला त्रिपोलीला गेला तो गेलाच. मागे राहिल्या आई आणि नवी नवरी गझाला.

मोहल्ल्याचे धर्मगुरू रिबी हुवीता तेव्हा कमूनाला म्हणाले होते, "मेलेल्याचं दुःख वर्षभरात ओसरतं, ही देवाची दया. जिवंताचं ओसरत नाही. याकोबाचं हरवलेल्या लेकासाठी, योसेफासाठी, ओसरलं नाही, कारण योसेफ जिवंत होता. आपलं मंदिरासाठी ओसरत नाही, म्हणून तर ते पुन्हा उभं राहणार." बिचारे धीर द्यायला गेले आणि बाईच्या हाती कोलीत देऊन आले. कमूनानं ठरवूनच टाकलं, मी रडते तोवर माझा पोरगा जिवंत.

मग तिनं ते रडं जपलं. कुणाच्या लग्नाला गेली नाही, गोडाला शिवली नाही. आणि गझालाला तर तिनं जगूच दिलं नाही. पोरगी जात्यावर गुणगुणली की चिमटा. काजळ घातलं की, "नवरा परमुलखात, आणि ही डोळे रंगवतेय. कुणासाठी गं?"

एकदा एक फेरीवाला दारात आला. म्हणाला, फ्राजीची होडी बुडाली, प्रेत मीच पुरलंय. एवढं त्यानं रिबींसमोर सांगितलं असतं तर गझाला विधवा ठरली असती, दुसरं घर मांडायला मोकळी झाली असती. कमूनानं त्याला उंबऱ्यावरूनच हाकललं. "जिभेला किडे पडोत तुझ्या," म्हणाली. गझाला पाण्याला गेली होती. शेजारच्या हनीनानं लांबून फक्त शिव्या ऐकल्या आणि तेवढ्याच गझालाच्या कानावर घातल्या. गझाला काय समजायचं ते समजली. तो माणूस पुन्हा बेटावर दिसला नाही.

वर्षं गेली. गझालाचे केस कानाशी पिकले.

आणि एका नवमीला, विलाप ऐन रंगात असताना, भुकेनं कावलेली हनीना कमूनाच्या कानाशी लागली. "कमूने, एवढं रडून मंदिर उभं राहिलंच, तर झाडलोट कुणाच्या गळ्यात पडेल गं? आपल्याच."

कमूना हसली. गालातल्या गालात नाही, चांगली खदखदून. मग विलापाकडे वळली. सूर लागला, शब्द आले, डोळे मात्र कोरडे. तिनं फ्राजीच्या कपाळावरची खूण आठवून पाहिली. डावीकडे होती की उजवीकडे? स्वतःच्या मांडीला करकचून चिमटा काढला तरी डोळ्यांत पाणी येईना.

"आई, तुम्ही हसलात," पलीकडे बसलेली गझाला म्हणाली.

"भूक डोक्यात गेली गं."

"डोळे पण कोरडे आहेत."

"गप बस, मेले."

गझाला उठली, सासूसमोर येऊन बसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "सियोन आणि यरुशलेमसाठी शोक करणाऱ्यांबरोबर देव तुमचंही सांत्वन करो."

हे शब्द आपलं माणूस मातीत घालून आलेल्यालाच म्हणतात. हनीनाच्या तोंडून सवयीनं "आमेन" निघून गेलं.

"माझी सुटका नाही व्हायची," गझाला म्हणाली. "साक्षीदार तुम्ही घालवलात, आणि सासूची साक्ष धर्मात धरत नाहीत. मी अशीच मरणार. पण तुमचा मुलगा मेलाय, आई. एवढं आज तुम्हाला कळलं, मला पुरे."

कमूनानं विलाप पुढे म्हणायला तोंड उघडलं, पण सूर निघेना. बायका खोळंबल्या होत्या, विलाप अर्धाच राहिला होता. शेवटी तो गझालानं पुरा केला, आणि फार सुरेख रडली ती.