ओटीपीची मुदत

आमच्या उपकेंद्रात औषधांपेक्षा किस्सेच जास्त साठतात. औषधं निदान एक्सपायर तरी होतात.

मी तिसगावजवळच्या एका खेड्यात सिस्टर आहे. डॉक्टर बसतात नगरला आणि आमच्या टॅबवर दिसतात. सरकार याला ऑनलाइन तपासणी म्हणतं. गावातली म्हातारी मंडळी म्हणतात, 'टीव्हीतला डॉक्टर'.

* * *

शेवंताआजी पहिल्यांदा आली ती खोकला घेऊन. चप्पल बाहेर काढली, डोक्यावर पदर घेतला आणि टॅबसमोर बसली. डॉक्टर म्हणाले, "आजी, जरा खोकून दाखवा." आजीने आधी पदराचं टोक टॅबवर टाकलं आणि मग खोकली. तिकडून डॉक्टर विचारतायत, "सिस्टर, तुमच्याकडची लाईट गेली का?"

आजी मला हळूच म्हणाली, "लेकरू हाय गं. लागायचा त्याला माजा खोकला."

* * *

आमच्याकडे लष्करातून रिटायर झालेला प्रत्येक जण 'मेजर' असतो. तर आमच्या मेजरांना माझी मदत चालत नाही. "आमी भिंगारच्या छावणीत वायरलेस चालवल्यात, ह्ये काय घिऊन बसलीस," म्हणाले.

गुडघा दुखत होता. डॉक्टर म्हणाले, "दाखवा." मेजरांनी टॅब उचलला आणि गुडघ्यावर उताणा ठेवला.

"मला पंखा दिसतोय," डॉक्टर म्हणाले.

"त्यो बी कुरकुरतोय. दोगांना मिळून एकच तेल लिवून द्या."

* * *

दगडूबाबांच्या वेळी रेंज गेली आणि डॉक्टर पडद्यावर हातावर हनुवटी टेकवून गोठले. मी बाबांना सांगायला गेले, तर मलाच दटावलं, "गप बस. डॉक्टर इचार करत्यात."

मग बाबांनी पोटदुखीपासून सुरुवात केली, ती सुनेच्या स्वयंपाकावरून थेट भावकीच्या बांधापर्यंत गेली. डॉक्टर पापणीही न लववता ऐकत होते. शेवटी रेंज आली. "हॅलो, बाबा, काय होतंय तुम्हाला?"

बाबा उठले. "आता काई न्हाई. असा ऐकून घेनारा डॉक्टर कुटं मिळतो आजकाल."

* * *

आता परत शेवंताआजी. तिचा खोकला कधीच गेला, पण आजी दर आठवड्याला हजर. डॉक्टरही वैतागले, "आजी, तुम्ही ठणठणीत आहात." आजी म्हणाली, "ते मला ठावं हाय."

तिचा मुलगा आणि सून ऊसतोडीला पार कोल्हापूरकडं गेलेली. घरात ती एकटी. आजीची नोंद मुलाच्या नंबरवर, त्यामुळे ओटीपी जातो उसाच्या फडात. तिथून मुलगा आजीच्या बटनाच्या फोनवर आकडे सांगतो, तेव्हा इकडे तपासणी सुरू होते.

पण आजी आकडे घेईल तर ना. "आदी सांग, भाकर खाल्ली का? कोयता लागला हुता त्यो हात बरा हाय का?" एवढं होईतो ओटीपीची मुदत संपते. मग दुसरा मागवायचा, पोराने पुन्हा फोन करायचा. मागे रांगेत मेजर घसा खाकरतात.

शेवटी मी म्हटलं, "आजी, तुमच्या ह्या फोनवरही ओटीपी येतो. नंबर बदलून टाकू. त्यालाही कामातून उठायला नको."

आजीने फोन पटकन पिशवीत घातला. "नगं बाई. मंग त्यो कशापायी फोन करील? एरवी म्हन्तो, आये, टाइम न्हाई."

नंबर तसाच राहिला.

पुढच्या आठवड्यात पोरगा बहुतेक घाईत होता. फोन लागल्या लागल्या धडाधड आकडे सांगितले आणि ठेवूनही दिला. आजीने ते मला सांगितले, एकही चुकला नाही. ती फोनकडे बघत बसली.

मी टॅब जरा माझ्याकडे वळवला. "आजी, मुदत संपली याची."

आजीने माझ्याकडे बघितलं. मग पदर नीट केला.

"मंग मागव की दुसरा."