सम पहिल्या मात्रेवर

अकोल्यात आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो तेव्हाची गोष्ट. मी एका जिनिंग फॅक्टरीत हिशेबनीस होतो. रविवारी संध्याकाळी बायको वाचनालयात जायची आणि मी सोबत जायचो, कारण परतीच्या वाटेवर भाजीबाजार होता. निदान सुरुवातीला कारण तेवढंच होतं.

ग्रंथपाल माझ्याच वयाचा, अमरावतीहून आलेला, एकटा राहणारा. बोलणं हळू, शर्ट नेहमी परीटघडीचा. त्याने एकदा बायकोला नर्तकींवरचं पुस्तक सुचवलं. देवळांत नाचणाऱ्या, दरबारात नाचणाऱ्या, त्यांचे गुरू, त्यांची घराणी. ते परत करताना टेबलाशी उभी राहून ती त्याच्याशी बराच वेळ बोलली. मी पिशवी धरून दाराशी. तेव्हापासून नाचाचं पुस्तक आलं की तो ते बाजूला काढी. "वहिनी, तुमच्यासाठी राखून ठेवलंय," म्हणे. ते 'राखून' मला खुपायचं. आमच्याकडे राखून ठेवतात ते बियाणं.

घरी मी विचारलं, "काय असते त्या पुस्तकात?"

"नाच असते," ती म्हणाली आणि पान उलटलं.

त्याला एवढं सांगायचं आणि मला दोन शब्द. शेजारच्या काकू वेगळंच घेऊन बसल्या होत्या. "नाचणारणीचे पुस्तकं वाचून राहिली वो तुमची बायको. गावच्या दंडारीत उभी राहते का काय आता?" मी हसलो. मला दंडारीची, त्या गावच्या नाच-सोंगांची, धास्ती नव्हती.

शेवटी ती चुलीशी असताना मी ते पुस्तक वाचायला घेतलं. नाच कळावा म्हणून नव्हे. त्या माणसाने दिलेल्या पुस्तकात काहीतरी खोट निघावी म्हणून. आणि ती निघाली. तालाच्या प्रकरणात छापलं होतं, तीनतालाच्या मात्रा सोळा आणि सम येते पहिल्या मात्रेवर. आता एक ही विषम संख्या, हे शाळेतलं पोरही सांगेल. पान दुमडलं नाही, पुस्तक वाचनालयाचं होतं. दोरा घालून ठेवला.

रविवारी मी ते पान त्याच्यासमोर उघडलं. "तुम्ही स्वतः वाचूनच देता ना पुस्तकं? एक सम कधीपासून झाला?"

त्याने ती ओळ दोनदा वाचली. "बरोबर आहे, भाऊसाहेब. एक विषमच. छापणाऱ्याची चूक असंल." दुरुस्ती करायला त्याने पेन्सिलही उचलली.

बायकोने तोंडाला पदर लावला होता. खांदे हलत होते.

"ठेवा ती पेन्सिल," ती म्हणाली. "दोघंबी येडेच. सम म्हंजे आकडा नाही. फिरून फिरून सारे जिथं येऊन मिळतात, ते सम. तिथं आमच्या बाबाच्या भजनात साऱ्यायच्या माना हालत."

तिचं माहेर तिवशाकडचं. वडील भजनात मृदंग वाजवत. तो मृदंग मी लग्नाच्या वेळी कोपऱ्यात पाहिला होता. त्याबद्दल कधी काही विचारलं नव्हतं.

परतताना मला बरं वाटत होतं. माझं हसं झालं होतं, पण त्याचंही झालं होतं. "त्याला तर काहीच येत नाही," मी म्हणालो. "मग तू त्याच्याशी एवढं काय बोलतेस?"

"मीच सांगतो त्याले. तो आयकते."

"मला का नाही सांगत?"

"तुमी पुस्तकातलं कुठं इचारता? तुमी इचारता, तो काय म्हणाला." वांगी निवडता निवडता ती पुढे म्हणाली, "त्याले नाही समजत, मान्य. पण काढून तर त्यानंच देल्लं. तुमी आजवर एक तरी पुस्तक देल्लं काय मले?"

भाजीवाल्याशी मी उगाच घासाघीस केली.

पुढच्या रविवारी ती टेबलाकडे वळायच्या आत मी कपाटापाशी गेलो आणि नाचाच्या रांगेतलं पुस्तक स्वतः काढलं. दक्षिणेकडच्या कुठल्याशा म्हाताऱ्या नर्तकीचं होतं. तिच्या हातात ठेवलं. ग्रंथपालाने खणातून काढलेलं दुसरं पुस्तक टेबलावर तसंच राहिलं. तो एकदा त्या पुस्तकाकडे, एकदा आमच्याकडे पाहत होता. पाहू दे म्हटलं. घरी त्या रात्री भाकरी थापताना बायकोने मला म्हातारीची अर्धी गोष्ट सांगितली. उरलेली अर्धी तिने ग्रंथपालासाठी राखून ठेवली की काय, हे मी पुढचा रविवार येईपर्यंत मनात घोळवत होतो.